विचारा की! परदेशात एकट्यानं हॉटेलात जेवायचं तर

प्रश्न : मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे, वय 46. पुढच्या महिन्यात ट्रेनिंगसाठी परत जर्मनीत श्टुटगार्टला जायचंय. मागच्या वेळी दुपारचं कँटीन सोडलं तर रोज रात्री रूमवर रेडी टू ईट उपमा, मेथीचे ठेपले, नाहीतर सुपरमार्केटचा ब्रेड. हॉटेलच्या दारापर्यंत जायचे, आत सगळ्या जोड्या आणि ग्रुप दिसले की तशीच पुढे चालायला लागायचे. पुण्यात पण एकटी कधी गेले नाहीये, नवरा नाहीतर मैत्रिणी असतातच. शिवाय मी व्हेज, अंडं चालतं. लोक काय म्हणतील वगैरेचं वय नाही आता, पण होतं खरं असं. – एक वाचक, वारजे

उत्तर : ताई, ठेपल्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही, विमानात तर हवेतच, पण तिकडे जाऊन रोज रात्री तेच म्हणजे स्वतःलाच शिक्षा झाली की हो.

मला विचाराल तर तुम्हाला लोकांची भीती वाटतच नाहीये. बँकेत, आरटीओत, डेंटिस्टकडे तुम्ही एकट्याच जात असाल ना, तिथं काय करायचं ते माहिती असतं म्हणून काही वाटत नाही. परदेशातल्या हॉटेलच्या दारात मात्र आपण थांबायचं का आपलं आपण बसायचं, पाणी फुकट का विकत, बिल आपोआप येणार का मागायचं, टीप किती, यातलं काहीच ठाऊक नसतं, आणि चारजण असले की कोणीतरी एक धीट निघतो आणि बाकीचे त्याच्या मागे जातात, एकट्याच्या मागे-पुढे कोणीच नसतं. म्हणून धीर वगैरे देत बसण्यापेक्षा पद्धतच सांगते.

जर्मनीत साध्या हॉटेलात शक्यतो आपणच रिकामं टेबल बघून बसायचं, जरा भारी जागा असेल तर दाराशी थांबायचं. टेबलावर रिझर्व्हची पाटी आहे का बघा. आणि कुठे श्टामटिश अशी पाटी दिसली तर तिथे अजिबात बसू नका, ते रोजच्या गिऱ्हाइकांचं टेबल. आपल्याकडे सकाळच्या चहाला ठरलेले काका ठरलेल्याच टेबलावर असतात ना, तसंच, फक्त तिकडे पाटी लावून टाकलीय म्हणून भांडणं होत नाहीत. गर्दी असेल तर मोठ्या टेबलावर "इस्ट हिअर नॉख फ्राय?" म्हणजे इथे जागा आहे का विचारून अनोळखी लोकांशेजारी बसता येतं, बिअर गार्डनमध्ये तर सर्रास. बसलात म्हणून गप्पा मारायलाच पाहिजेत असं काही नाही.

पाणी विकत. नुसतं वॉटर म्हणालात तर बहुतेक सोडा येईल, साधं हवं तर "श्टिलेस वासर" म्हणा.

बिल मागितल्याशिवाय येत नाही, कितीही वेळ बसा, आणि एकट्या माणसाला इथेच सगळ्यात अवघडल्यासारखं होतं कारण ताट रिकामं झालेलं असतं आणि बघायला समोर कोणी नसतं. वेटरशी नजर मिळाली की "त्सालेन बिटं" म्हणायचं. तो कमरेचं जाडजूड काळं पाकीट काढून तुमच्याशेजारी उभा राहतो आणि आकडा सांगतो, समजा 18 युरो 40 सेंट. तुम्ही 50 ची नोट पुढे करून म्हणायचं "20", म्हणजे तो वरचे 1 युरो 60 सेंट टीप म्हणून ठेवतो आणि बाकीचे तिथल्या तिथे पाकिटातून मोजून परत देतो. आपल्यासारखी टीप टेबलावर सोडून निघून जायची पद्धत नाही. साधारण पाच ते दहा टक्के पुरे. रोख जवळ असू द्या, अजूनही कितीतरी ठिकाणी कार्ड घेत नाहीत. आणि बरीच हॉटेलं सोमवारी बंद असतात, त्यामुळे पहिलीच संध्याकाळ सोमवारची निघाली आणि दार बंद दिसलं तर अपशकुन समजून परत ठेपल्यांकडे वळू नका 😄

आता खायचं काय. तुमच्या नशिबानं श्टुटगार्ट म्हणजे श्वाबेन प्रांत, तिथे केझेश्पेट्झले मिळतं, अंड्याच्या पिठाच्या छोट्या शेवया, भरपूर चीज आणि वर परतलेला कांदा, पोट गच्च भरतं. पण माउलटाशेन बघून फसू नका. मैद्याच्या पारीत सारण भरलेले चौकोन, दिसतात अगदी सात्त्विक, पण आत बहुतेक वेळा मांस असतं. ईस्टरच्या आधीच्या उपासात देवाला दिसू नये म्हणून मांस पारीत लपवलं अशी गोष्ट तिथलेच लोक हसत हसत सांगतात. व्हेज सारणाचे पण मिळतात, विचारून घ्या. बटाट्याचं सॅलड हा त्याहून छुपा प्रकार, श्वाबेन पद्धतीत ते मेयोनीजऐवजी मांसाच्या गरम सूपमध्ये कालवतात. मसूर आणि शेवयांच्या डिशबरोबर सॉसेज येतात, आणि मसुरात बेकन म्हणजे डुकराचं मांसही असतं बऱ्याचदा, त्यामुळे नुसते सॉसेज बाजूला काढून भागत नाही.

सुरुवात शनिवार-रविवारच्या दुपारपासून करा, रात्रीपेक्षा दुपारी एकटी माणसं खूप दिसतात. दोन-तीनदा एकाच हॉटेलात जा, तिसऱ्यांदा वेटर ओळख देतो. आणि जायच्या आधी टिळक रोडला बादशाहीत एकदा एकट्या जेवून या, तिथे गर्दीच्या वेळी अनोळखी माणसासमोर बसावं लागतंच, आणि समोरच्याचं सगळं लक्ष आमटीत असतं हे तुमचं तुम्हालाच दिसेल. फोन पर्समध्ये ठेवा हं, तालीम आहे ती.

प्रश्न : वय 64, बँकेतून निवृत्त. जपानची टूर संपल्यावर दोन दिवस टोकियोत एकटाच थांबणार आहे. तिथे एकट्याला टेबल देतात का? शुद्ध शाकाहारी आहे, भाषा येत नाही. – एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : काका, टेबल कशाला, तिथे काउंटर असतो! एकट्या जेवणाऱ्याची जपानइतकी सोय फार कमी ठिकाणी असेल. इचिरान नावाची रामेनची, म्हणजे सूपमधल्या नूडल्सची, साखळी आहे तिथे तर दोन्ही बाजूंना फळ्या आणि समोर बांबूचा पडदा, पडद्याखालून वाडगा येतो, वाढणाऱ्याचं तोंडसुद्धा दिसत नाही. पण मूळ सूप डुकराच्या हाडांचं, त्यामुळे तुम्ही ते बाहेरूनच बघा.

छोट्या हॉटेलांत दाराशी तिकिटाचं मशीन असतं. शक्यतो आधी पैसे टाकायचे, मग बटणं पेटतात, हवं ते दाबलं की चिठ्ठी पडते, ती काउंटरवर ठेवून गप बसायचं. झालं, भाषेचा प्रश्नच मिटला. आत शिरताना किती जण विचारतील, एक बोट दाखवा. टीप द्यायची नाही, दिलीत तर पैसे विसरलात समजून रस्त्यापर्यंत मागे पळत येतील.

खरी अडचण वेगळीच आहे. तिथल्या बहुतेक सूप-सॉसमध्ये दाशी असतं, वाळवलेल्या माशाचं पाणी. भाजी दिसते, टोफू दिसतो, आणि खाली मासा. म्हणून "निकु, साकाना, दाशी नाशी" म्हणजे मांस, मासे, दाशी नको, हे जपानी लिपीत मोठ्या अक्षरात छापून खिशात ठेवा, नुसतं व्हेजिटेरियन म्हणून काम होत नाही. टोकियो स्टेशनात तिकीट गेटच्या आत टीज तानतान नावाच्या हॉटेलात पूर्ण शाकाहारी रामेन मिळतं. कोको इचिबान्या या करी-भाताच्या साखळीच्या बऱ्याच शाखांत शाकाहारी करी असते, मेन्यूत वेगळी दाखवलेली. काहीच जमलं नाही तर निशी-कासाई भागात जा, तिथे भारतीय वस्ती मोठी आहे, डोसा मिळेल. इझाकाया म्हणजे बारसारख्या ठिकाणी बसल्याबरोबर न मागवता एक वाटी येते, ती बिलात लागते आणि तिच्यात बऱ्याचदा मासा असतो, तेव्हा ते टाळलेलंच बरं.

प्रश्न : लेक 23 वर्षांची, शिकायला बार्सिलोनाला चाललीय. तिथे म्हणे रात्री नऊ-दहाला जेवतात. एकटी मुलगी एवढ्या उशिरा बाहेर? – एक आई, सिंहगड रोड

उत्तर : खरंय, संध्याकाळी सातला बऱ्याच किचन चालूच झालेल्या नसतात. तिला दुपारचं जेवण मुख्य ठेवायला सांगा, मेनू देल दीया नावाखाली आठवड्याच्या दिवसांत पहिली डिश, दुसरी डिश, ब्रेड, प्यायला काहीतरी आणि गोड किंवा कॉफी असं सगळं एका किमतीत मिळतं. रात्री तापासच्या, म्हणजे छोट्या बशांतल्या खाण्याच्या, काउंटरवर उभ्या उभ्या दोन बशा खाल्ल्या तरी चालतं, तिथे एकट्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. बघतात ते पाकीटमार, त्यामुळे पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवायची नाही आणि फोन टेबलावर ठेवायचा नाही, विशेषतः बाहेर मांडलेल्या टेबलांवर. परत यायला मेट्रो एरवी रात्री बारापर्यंत, शुक्रवारी दोनपर्यंत आणि शनिवारी रात्रभर असते.