ठोके कमी करणाऱ्या गोळीने नाडी ५४ वर आली, तर गोळी बंद करावी का?

तुम्ही विचारलंय की वडिलांचे (वय ६४) ठोके फार पळायचे म्हणून मेटोप्रोलॉल ५० (मिलिग्रॅमची गोळी) सुरू झाली. आता नाडी ५४-५६ दाखवते, दिवसभर मरगळ असते, हातपाय गार पडतात. साखरेच्या गोळ्याही चालू आहेत. तर ही गोळी बंद करावी का, आणि हिच्यासोबत कोणतं औषध चालत नाही?

बंद करू नका. स्वतःच्या मनाने तर मुळीच नाही. आणि तुमच्या प्रश्नाखाली एकाने "गोळ्या म्हणजे विष, मनुके भिजवून खा" असं लिहिलंय, त्याच्या नादी लागू नका. आमच्या घरात असाच एक सल्लागार आहे, म्हणून एवढं लिहायला बसलो.

हे सल्लागार म्हणजे माझे सख्खे मामा. पारोळ्याला एका डॉक्टरांकडे तीस वर्षं कंपाउंडर होते. गावात सगळे त्यांनाच डॉक्टर म्हणतात, आणि त्यांनीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. पाऱ्याचं बीपी मशीन अजून बाळगून आहेत. आमच्याकडे कुणाला काही झालं की आधी मामा, मग दवाखाना.

माझ्या आईचं वय तेव्हा ७१. हिवाळ्यात छातीत धडधड व्हायला लागली म्हणून तिला मेटोप्रोलॉल ५० सुरू झाली आणि छान लागू पडली. नाडी ६४-६६ राहायची. एप्रिलमध्ये काचबिंदूची सुरुवात निघाली म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले, सकाळ-संध्याकाळ एकेक. आमच्या अमळनेरला तेव्हा ऊन असं की बाटली कपाटात ठेवली तर गरम लागते, म्हणून बायकोने ती फ्रिजच्या दारात ठेवली, लिंबांच्या शेजारी. ही फ्रिजची गोष्ट लक्षात ठेवा.

मे उजाडला आणि आई मंदावली. बोरी नदीत सखाराम महाराजांची यात्रा भरली, रथ निघाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती घरून निघाली नाही. भाजी निवडताना मध्येच हात थांबायचा. मी दुकानात बियाण्याच्या गर्दीत. माझं कृषी केंद्र आहे, मे-जूनमध्ये मला जेवायची शुद्ध नसते. मामांना बोलावलं. त्यांनी मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "शेहेचाळीस. अरे, पैलवाननी नाडी शे! ऊन लागेल शे तिले, बाकी काही नही." पन्हं द्या, कांदा उशाशी ठेवा. आम्ही दोन्ही केलं.

चौथ्या दिवशी ती न्हाणीच्या उंबऱ्यावर कोसळली. डोळे पांढरे झाले. पाणी मारल्यावर शुद्ध आली, पण बोलणं विहिरीच्या तळातून आल्यासारखं. गाडी काढली, धुळे गाठलं. तिथे नाडी ३८, वरचं बीपी ९०. ईसीजी काढला, शिरेतून ठोके वाढवणारं अ‍ॅट्रोपीन दिलं, आयसीयूत घेतलं. डॉक्टरांनी विचारलं, काय काय औषधं चालू आहेत? मी रुबाबात कॅरीबॅग टेबलावर ओतली. मेटोप्रोलॉल, बीपीची टेल्मिसार्टन, कॅल्शियम. "बस, एवढंच?" "एवढंच."

ते म्हणाले, पन्नासच्या गोळीने एवढी नाडी उतरत नाही. बहुतेक हृदयाच्या आतली वायरिंगच थकली आहे. गोळी थांबवून दोन दिवस पाहू, नाहीतर पेसमेकर. त्यांचं काहीच चुकलं नाही, मी दिलेल्या माहितीवर कुणीही हेच म्हणालं असतं. मी बाहेर बाकड्यावर बसून कोणती एफडी मोडायची याचा हिशोब करत होतो.

रात्री नऊच्या सुमारास सिस्टर सलाईन बदलायला आल्या, तेव्हा आई त्यांना म्हणाली, "बाई, मना डोयाना थेंब टाकाना राही ग्यात."

सिस्टर जागीच थांबल्या. कसले थेंब? आई म्हणाली, ते काय औषध नाही, डोळ्यात टाकायचं पाणी आहे. सिस्टरने मला आत बोलावलं. मी घरी फोन लावला. बायकोने फ्रिज उघडला, बाटली पाच मिलिची, अक्षरं मुंगीएवढी. तिने चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं. टिमोलॉल. ड्यूटीवरचे तरुण डॉक्टर दोन सेकंद गप्प राहिले आणि म्हणाले, "ही पण त्याच जातीची आहे. मेटोप्रोलॉलची बहीण."

मला तिथेच घाम फुटला. कारण मी रोज दुकानात शेतकऱ्यांना हेच ओरडून सांगतो. कपाशीवर मावा-तुडतुडे आले की माणूस एका दुकानातून इमिडाक्लोप्रिड नेतो, दुसऱ्याकडून थायामेथोक्झाम, आणि दोन्ही एकाच पंपात ओततो, का, तर डब्यावरची चित्रं वेगळी. मी म्हणतो, दादा, डब्याचं नाव वाचू नको, टेक्निकल, म्हणजे आतलं मूळ औषध, वाच, दोघांचा गट एकच आहे. वीस वर्षं हे सांगतोय आणि माझ्या घरात एकाच गटाची दोन औषधं एका म्हातारीत रोज ओतली जात होती.

डोळ्यातला थेंब हृदयापर्यंत जातो कसा, हा मामांचा आजही सवाल आहे. त्यांच्यासाठी इथे लिहून ठेवतो. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून अश्रूंची नळी नाकात उघडते, म्हणूनच रडलं की नाक वाहतं. थेंब त्याच नळीने नाकात उतरतो आणि तिथल्या नाजूक त्वचेतून थेट रक्तात जातो. पोटातून गेलेल्या गोळीचा बराच भाग यकृत आधीच मोडून टाकतं, नाकातून गेलेल्याला ती चाळणी लागत नाही. म्हणून दिसायला एक थेंब, पण म्हाताऱ्या माणसात, त्यातून आधीच त्याच जातीची गोळी चालू असताना, तो नाडी खाली ओढतो. दम्याच्या माणसाला याच थेंबाने दम लागू शकतो. हे काही गुपित नाही, थेंबांच्या खोक्यात जो कागद घडी करून ठेवलेला असतो त्यात छापलेलं आहे. तो कागद आमच्या घरी त्याच दिवशी केरात गेला होता.

गोळी आणि थेंब दोन्ही थांबवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाडी ५२, तिसऱ्या दिवशी ६३. पेसमेकरचं नाव परत निघालं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब बदलून दुसऱ्या गटाचे दिले, गोळी पंचवीसवर सुरू झाली. डोळ्यांच्या डॉक्टरांना आम्ही ठोक्यांच्या गोळीबद्दल सांगितलं होतं का? नव्हतं. "बीपीची गोळी चालू आहे" एवढंच मोघम बोललो होतो. दोष कुणाला देऊ?

आता मामांचा दुसरा अंक. मे महिन्यात ज्यांना ऊन दिसलं, त्यांना श्रावणात गोळी दिसली. कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसवायची होती, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि रोटांच्या घाईत मामा आईच्या कानात म्हणाले, "बहीन, ती गोयीच तुले बाधनी व्हती. बंद करी टाक. डॉक्टर लोकेसना धंदा शे हाई." आईने ऐकलं. भावाचं ऐकणार नाही तर कुणाचं? आम्हाला सांगितलंही नाही. तिसऱ्या दिवशी कानबाईचं विसर्जन करून आलो, तर ही ओसरीवर छाती धरून बसलेली, नाडी १४०.

या गोळीचं असंच आहे. ती चालू असते तेव्हा शरीर आतून जास्त जोर लावायला शिकलेलं असतं. झाकण एकदम काढलं की ठोके, बीपी दोन्ही उसळतात, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद असलेल्याला छातीत दुखणं, अटॅकसुद्धा येऊ शकतो. बंद करायचीच असेल तर डॉक्टर एक-दोन आठवडे घेऊन डोस उतरवत आणतात.

राहिला धंदा. मामा, या जातीची प्रोप्रानोलॉल ज्यांनी शोधली त्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल मिळालं, आणि मेटोप्रोलॉल आपल्या सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. इतक्या स्वस्त गोळीत कोण धंदा करणार? यापेक्षा जास्त पैसे तुम्ही माझ्याकडून पन्ह्याच्या कैऱ्यांना घालवलेत.

तर तुमचे वडील. मरगळ आणि गार हातपाय या गोळीत नेहमीचे आहेत, बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत कमी होतं. कुणाला स्वप्नं फार पडतात, पुरुषांना आणखी एक तक्रार येते जी ते मुलाला सांगणार नाहीत, डॉक्टरांना एकांतात सांगू द्या. ५४-५६ नाडी या गोळीवर असलेल्या माणसात, चक्कर-अंधारी नसेल तर, पुष्कळदा चालते. चक्कर आली, उठताना तोल गेला, दम लागायला लागला किंवा आकडा ५० च्या खाली राहायला लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. शुद्ध हरपली तर फोनबिन नाही, सरळ गाडी.

साखरेच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड आहे का बघा. साखर घसरली की एरवी हात थरथरतात, छाती धडधडते, ते इशारे ही गोळी दाबून टाकते. घाम मात्र येतो. तेव्हा वडिलांना विनाकारण दरदरून घाम फुटला तर पंखा लावून "गरमी आहे" म्हणू नका, आधी साखर तपासा. आमच्याकडे उन्हाळ्यात घाम कुणाला येत नाही, म्हणून हे जास्त सांगतो.

चालत नाही त्यात पहिली नावं डिल्टियाझेम आणि व्हेरापॅमिल, त्याही ठोके मंदावतात, त्यांतली कुठलीही मेटोप्रोलॉलसोबत मिळून हार्ट ब्लॉकपर्यंत, म्हणजे ठोक्याचा संदेश हृदयातच अडण्यापर्यंत, नेऊ शकते. फिशरच्या (शौचाच्या जागी पडलेल्या चिरेच्या) काही मलमांतही डिल्टियाझेम असतं. अंगात ते थोडंच उतरतं, तरी सांगून ठेवा. डिगॉक्सिन किंवा अमिओडॅरोन, ही हृदयाचीच औषधं, चालू असेल तर डॉक्टरांच्या नजरेखालीच. उदासीसाठी फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन दिलेलं असेल तर यकृतात मेटोप्रोलॉल मोडायचा रस्ता अडतो, आणि पन्नासची गोळी त्याहून कितीतरी मोठ्या गोळीसारखी वागते. अर्धशिशीला किंवा हात थरथरायला कुणी दुसऱ्याच डॉक्टरने प्रोप्रानोलॉल दिलेली असेल, तर तुमच्याही घरात दोन बहिणी नांदतायत. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या बीपी वर ढकलतात, नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्याही. मेटोप्रोलॉलची दिवसभर हळूहळू काम करणारी गोळी असेल तर ती कुटून, चावून देऊ नका.

टिमोलॉलचेच थेंब घ्यावे लागत असतील, आणि काहींना लागतात, तर थेंब टाकून डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. नळी बंद राहते, नाकात कमी उतरतं. धुळ्याच्या त्या सिस्टरने आईला हे शिकवलं. नवे थेंब वेगळ्या गटाचे आहेत तरी ती अजून दाबते आणि दोन मिनिटं मोजायला हरिपाठाचा एक अभंग म्हणते. अभंग लवकर संपला तर परत म्हणते.

आणि दवाखान्यात जाताना औषधांची पिशवी भरताना फ्रिज उघडा. इन्सुलिन, थेंब, मलम, नाकातला स्प्रे, पुड्या, काढे, सगळं. गोळी नाही ते औषध नाही, असं आपल्या घरांतून धरून चालतात.

एक सांगायचं राहिलं. मी डॉक्टर नाही, बियाणं-खत विकतो. वर लिहिलेलं आईच्या निमित्ताने विचारून-वाचून कळलेलं आहे, डोसचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. आणि मामांबद्दल फार लिहिलं, पण त्या दिवशी धुळ्याला गाडी त्यांनीच चालवली, सत्तरीच्या माणसाने, भर दुपारी, कारण माझे हात कापत होते. ऊन लागलं होतं हे मात्र ते अजून सोडत नाहीत.

वडिलांची नाडी तुम्ही ऑक्सिमीटरवर पाहताय का? ठोके अनियमित असतील तर तो चुकतो. मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा, सकाळी उठल्यावर आणि गोळीनंतर दोन तासांनी, आठवडाभर. आकडे आणि सगळ्या औषधांची नावं एका कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. डोळ्यात काही टाकतात का, ते आजच विचारा.