एम.ए. मानसशास्त्र झालं, पुढे नोकरी कुठे?

प्रश्न : माझी मुलगी लातूरला मानसशास्त्रात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. तिला समुपदेशक व्हायचंय. मी म्हणतो, बी.एड. करून घे, निदान कुठेतरी चिकटशील. एका ठिकाणी तीन महिन्यांचा ऑनलाइन समुपदेशन डिप्लोमा आहे, फी ३५ हजार. तो केला तर घराच्या खालच्या खोलीत तिला सेंटर टाकून देता येईल का? की पुण्याला पाठवू? सध्या तिला ओजेटी (ऑन-द-जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) करायची आहे. ओळखीच्या संस्थेतून पत्र मिळतं, जावं लागत नाही, असं तिच्या मैत्रिणी सांगतात.
— एक पालक, लातूर

उत्तर : नमस्कार. ओजेटीचं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंत, पण तुमच्या बाकीच्या प्रश्नांचं निम्मं उत्तर त्यातच आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्याकडे एम.ए.च्या पहिल्या वर्षी चार क्रेडिटचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण असतं. एका क्रेडिटला ३० तास धरले, तर १२० तास. पदवीला क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभागाचे क्रेडिट असतात, तेही याच हेतूने. बऱ्याच ठिकाणी हे सगळं शिक्क्याच्या पत्रावर उरकतं, हे खरं आहे. पत्र फाइलला लागतं, गुण मिळतात आणि कोणी काही विचारत नाही. विचारतात ते दीड वर्षाने, मुलाखतीत. ‘या संस्थेत नेमकं काय केलंत?’ या प्रश्नावर मुलगी दोन वाक्यांत गप्प झाली, की समोरच्यांनी मनातल्या मनात निकाल लावलेला असतो. शाळांच्या निवड समित्यांवर बसून मी हे इतक्यांदा पाहिलंय, की आता उमेदवाराचे गुण नंतर बघतो आणि हा प्रश्न आधी विचारतो.

शिवाय तुम्ही लातूरमध्ये आहात. बाहेरगावची हजारो मुलं नीट आणि जेईईच्या शिकवण्यांसाठी तुमच्या शहरात खोल्या घेऊन राहतात. आई-बाप गावाकडे आणि दर रविवारी परीक्षा. झोप उडालेली, जेवण तुटलेलं, घरी फोन केला की ‘सगळं ठीक आहे’ म्हणणारी ही मुलं. मानसशास्त्राच्या विद्यार्थिनीला काम शोधायला याहून लांब कशाला जायला हवं? विभागातल्या एखाद्या प्राध्यापकांना सोबत घेऊन तिने एका मुलींच्या वसतिगृहात दर आठवड्याला एक तासाचं गटसत्र घ्यावं. विषय साधे ठेवावेत : अभ्यासाचं वेळापत्रक, झोप, परीक्षेआधीची धडधड, घरी खरं कसं सांगायचं. दुसरी वाट शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागाची. तिथे विभागप्रमुखांच्या परवानगीने नुसतं बसून रुग्णाची माहिती कशी घेतात हे पाहिलं, तरी पुस्तकातली पन्नास पानं उलगडतात. मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी आरोग्य विभागाचा प्रेरणा प्रकल्प आहे, जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या देखरेखीखाली बालगृहं आहेत, तिथेही विचारता येईल.

पण सगळीकडे नको. एक जागा धरावी आणि ओजेटीचे तास संपले तरी एम.ए. होईपर्यंत सोडू नये. चार ठिकाणची चार प्रमाणपत्रं असलेल्यापेक्षा एका ठिकाणी वर्षभर टिकलेली मुलगी मी आधी घेईन.

दोन पथ्यं मात्र कडक पाळायची. पहिलं : ती अजून विद्यार्थिनी आहे. एखाद्या मुलीने जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलून दाखवलं, तर ते एकटीने हाताळायचं नाही. तिला एकटी न सोडता ताबडतोब प्राध्यापकांना, वसतिगृहाच्या प्रमुखांना आणि डॉक्टरांना सांगायचं. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक तिच्या फोनमध्ये असायलाच हवा. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि मराठीतही बोलता येतं. दुसरं पथ्य नोंदींचं. रोजचं काम वहीत लिहायचं, पण त्यात कोणाचंही नाव किंवा ओळख पटेल असा तपशील नको.

त्या वहीतूनच पुढे बायोडेटा तयार होतो. ‘मला लोकांना मदत करायला आवडते’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं आणि कोणी वाचत नाही. त्याऐवजी किती सत्रं घेतली, कोणत्या वयाच्या गटासोबत, कोणाच्या देखरेखीखाली आणि कोणत्या चाचण्या हाताळल्या हे लिहावं. बिने-कामतसारखी बुद्धिमत्ता चाचणी किंवा डीबीडीएसारखी अभिक्षमता चाचणी स्वतः दुसऱ्याकडून सोडवून घेऊन, गुणांकन करून, अहवाल लिहिता येत असेल, तर करिअर मार्गदर्शन केंद्रांना अशी माणसं लागतात. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये उतरवून काढलेली चाचणी यात धरू नका.

जागा कुठे निघतात? जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असं म्हटलं आहे. म्हणून उद्या सकाळी जाहिराती पडतील असं नाही. पण शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटायला आता तिच्याकडे कारण आहे. सोबत एका पानाचा बायोडेटा आणि तीन महिन्यांत शाळेसाठी काय करू शकेन याचा अर्ध्या पानाचा आराखडा न्यावा. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली समुपदेशकाची पदं जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर येतात. ती कंत्राटी असतात आणि पात्रता पदागणिक बदलते, तेव्हा जाहिरात नीट वाचूनच अर्ज करावा. पहिला पगार पाहून तुमचा जीव थोडा खट्टू होईल, हे आताच सांगतो.

मुलाखतीची तयारी तुम्हीही करून घेऊ शकता. समोर बसा आणि विचारा : ‘मुलाने तुला जे सांगितलं ते मला सांग, मी त्याचा बाप आहे.’ किंवा, ‘मुलीवर अत्याचार झालाय असं तुला कळलं, पण शाळेची बदनामी नको असं मुख्याध्यापक म्हणतात. काय करशील?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. हे ठामपणे आणि मुख्याध्यापकांचा अपमान न करता सांगता येणं, हीच परीक्षा असते.

आता बी.एड. कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवायचं असेल तर ते लागतं, पण हा विषय असलेली महाविद्यालयं मोजकी आणि जागा त्याहून मोजक्या. वरिष्ठ महाविद्यालयासाठी नेट किंवा सेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा हवी, आणि तोवर तासिका तत्त्वावर काढलेली वर्षं तुम्ही आसपास पाहिली असतीलच. तिला शिकवण्याची ओढ असेल तर जरूर करू द्या. ‘काहीतरी हाताशी असावं’ म्हणून दोन वर्षं घालवू नका.

३५ हजारांचा डिप्लोमा माझ्या मते नको. तीन महिन्यांत, तेही पडद्यावर, कोणाच्याही देखरेखीशिवाय माणसांशी बोलायला शिकता येत नाही. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि ती परिषदेने मान्य केलेल्या अभ्यासक्रमानंतरच मिळते. तिकडे जायचं असेल तर प्रवेशाआधी परिषदेच्या संकेतस्थळावरची संस्थांची यादी तपासा, कारण हे अभ्यासक्रम सध्या बदलत आहेत. खालच्या खोलीत तूर्त भाडेकरू ठेवा. तीनचार वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काम झालं, की मग सेंटरचं बोलू.

पुण्याचं म्हणाल, तर सगळं बिऱ्हाड हलवायची गरज नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर जाऊ द्या. व्यसनमुक्तीच्या कामासाठी मुक्तांगण आहे, चाचण्या आणि मार्गदर्शनासाठी ज्ञान प्रबोधिनीची मानसशास्त्र शाखा, आणि ठाण्याला मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी उभी केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था. विद्यार्थ्यांना घेतात का, केव्हा आणि कोणत्या अटींवर, हे तिने स्वतः ईमेल लिहून विचारावं. तुम्ही फोन करू नका. आणि ओजेटीचं पत्र देणाऱ्या त्या ओळखीच्या संस्थेला सांगा, की पत्र नको, मुलगी सोमवारपासून कामाला येते.