बाबांची सहाची गोळी

"मॅडम, बाबांना वृद्धाश्रमात ठेवायचं म्हणजे टाकून देणंच ना?" खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) गृहस्थ ५२ वर्षांचे, बँकेत नोकरी, बायको शाळेत शिक्षिका. वडील ८१ वर्षांचे, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सहा वर्षांपासून पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात. दोन महिन्यांत बाथरूममध्ये दोनदा पडले होते आणि घरी ठेवलेले मदतनीस टिकत नव्हते.

हा प्रश्न मी मुलांकडून, मुलींकडून, सुनांकडून सारखा ऐकते. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात शिक्षा आहे ती कायमचं वाऱ्यावर सोडायच्या हेतूने आईवडिलांना कुठेतरी सोडून येणाऱ्याला: तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नीट सांभाळ होईल अशी जागा शोधून तिथे जात-येत राहणं यात बसत नाही. हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली, पण चेहरा तसाच होता.

मग मोबाइल पुढे केला. पुण्याबाहेरच्या एका केंद्राचे फोटो: हिरवळ, कारंजं, छोटं गणपतीचं देऊळ. "बघा, हॉटेलसारखं आहे." दुसऱ्या दिवशी अनामत भरायला निघाले होते. मन खात असलं की माणूस इमारत मोठी बघतो, हे मी फार वेळा पाहिलंय. मी इतकंच विचारलं, "रात्री दोनला बाबांना लघवीला उठायचं झालं, तर कोण येईल?"

ते गप्प झाले.

बाबांचं वेळापत्रक मी लिहून घेतलं. पार्किन्सन्समध्ये गोळीची वेळ म्हणजे सगळं काही. सहाची गोळी साडेसहाला मिळाली तर यांचे बाबा पलंगाच्या कडेला बसल्या जागी थिजतात, पाय उचलत नाही. तरी उठायला गेले की पडतात. गिळायला त्रास, त्यामुळे घास भराभर भरवून चालत नाही. मी म्हटलं, "हा कागद घेऊन जा. न कळवता जा, आणि संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी जा."

ते गेले. कारंज्याच्या केंद्रात पावणेसहालाच ताटं वाढली होती, कारण दिवसपाळीला घरी जायचं होतं. गोळ्या वाट्यांमध्ये काढून ठेवलेल्या, वाट्यांवर नावं नाहीत. रात्री २२ जणांमागे एक माणूस. एका आजोबांच्या शर्टाची बटणं वरखाली लागलेली, नखं वाढून आत वळलेली. "मॅडम, ती नखं डोळ्यांसमोरून जात नाहीत," ते म्हणाले.

दुसरी जागा म्हणजे जुना दुमजली बंगला, रंग उडालेला. आत लघवीचा वास नव्हता आणि तो दाबायला फिनेलचा भपकाराही नव्हता. संडासात दोन्ही बाजूंना धरायला दांडे. एक मावशी एका आजींना चमच्याने पेज भरवत होत्या आणि पहिला घास गिळून झाल्यावरच दुसरा उचलत होत्या. हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदा सैल झाला.

करारनामा आम्ही दोघांनी ओळ न् ओळ वाचला. डायपर, औषधं, फिजिओथेरपी वेगळी. दवाखान्यात न्यायची वेळ आली तर सोबत कोण थांबणार, ते लिहिलेलंच नव्हतं. ते लिहून घेतलं. मध्येच सोडलं तर अनामत किती दिवसांत परत, तेही. आधी एक महिना राहून बघायचं ठरलं. पुढे कुठेही काही खटकलं तर ज्येष्ठांची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तो नंबर त्यांनी मोबाइलमध्ये घातला.

आणि बाबांना विचारलंच नव्हतं! "त्यांना वाईट वाटेल म्हणून." मी आग्रह धरला: राहायचं त्यांना आहे, जागा त्यांनी बघायला हवी.

बाबा तो बंगला बघायला गेले. व्हीलचेअरवरून सगळीकडे फिरले, काही बोलले नाहीत. शेवटी ऑफिसात म्हणाले, "सहाची गोळी सहाला देता का?" सिस्टरनी वही पुढे ठेवली. नाव, गोळी, वेळ, सही. थरथरत्या बोटाने त्यांनी रकाना वरपासून खालपर्यंत तपासला. एका ठिकाणी ६.१० होतं. "हे का?" सिस्टर म्हणाल्या, "त्या आजोबांना उलटी झाली होती, काका. थांबून दिली." बाबांनी वही मिटली.

पहिले पंधरा दिवस ते फोनवर रोज विचारायचे, "कधी नेतोस?" त्या दिवसांत मुलगा तीनदा माझ्याकडे येऊन रडला. महिना संपल्यावर नेऊ का, असं विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "अजून एक महिना बघू. रविवारी येताना माझं घड्याळ आण."