रविवारी भक्ती चालवायची आहे ना, मग हे वाच

बेटा, जय ख्रिस्त.

तुझा मेसेज रात्रीच वाचला, पण मोबाईलवर एवढं टाइप करायचं म्हणजे मला वेळ लागतो, म्हणून आज सकाळी चहा घेऊन निवांत लिहून राहिलोय. पाळकसाहेबांनी भक्ती, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, चालवायला तुला सांगितलं, फार बरं वाटलं. तू विचारलंस की पापांगीकार (सगळ्यांनी मिळून दिलेली पापांची कबुली) आणि मध्यस्थीची प्रार्थना (आजारी, अडचणीतल्या लोकांसाठी करतो ती) थोडी आटोपती घेतली तर चालेल का, म्हणजे कॉयरला अजून दोन गाणी मिळतील. नको करूस बेटा.

गाणी मलाही आवडतात. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाची भजनं लिहिली, ती पेटी-ढोलकीवर सुरू झाली की अजूनही अंगावर काटा येतो. पण गाण्यात गळा असलेला पुढे जातो आणि बेसूर माणूस गप्प बसतो, पापांगीकारात तसं नसतं, तिथे सगळे एकाच ओळीत उभे. शेवटून दुसऱ्या बाकावर एक आजी बसतात बघ, त्यांना आता पुस्तकातलं दिसत नाही, सगळं तोंडपाठ म्हणतात आणि दरवेळी एक शब्द मागे असतात. त्यांचं "आमेन" येईपर्यंत थांबायचं, पुढचं वाक्य पळून नाही जात.

"आपापल्या पापांची आठवण करू" म्हटल्यावर तर थांबायचंच. आपण घाबरून लगेच पुढचं वाचायला घेतो, कारण नुसत्या कूलरचा आवाज ऐकू यायला लागला की काहीतरी चुकलं असं वाटतं. काही चुकलेलं नसतं. मनात बायबलमधल्या ५१ व्या स्तोत्राच्या पहिल्या दोन ओळी सावकाश म्हण, मग पुढे जा.

मध्यस्थीच्या प्रार्थनेबद्दल मात्र माझ्यावर गेलेली गोष्ट सांगतो. खूप वर्षं झाली, एका रविवारी संदेश, म्हणजे प्रवचन, लांबला म्हणून मी ती प्रार्थना दोन वाक्यात उरकली. बाहेर चपला घालताना एक भाऊ भेटले, रात्रभर बायकोजवळ हॉस्पिटलमध्ये जागून थेट तिथूनच आलेले, कपडे पण तेच. म्हणाले, "तिचं नाव घ्याल वाटलं होतं." एवढंच बोलले आणि सायकल काढून चालले गेले. मी त्या दिवशी जेवलो नाही.

इसवी सन १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रविवारची उपासना कशी चालते ते लिहून ठेवलंय. आधी शास्त्रवाचन, मग बोध, मग सगळ्यांनी उभं राहून प्रार्थना, मग भाकर आणि द्राक्षारस, लोकांचं आमेन, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवकांच्या हाती भाकर पाठवायची. दान गोळा व्हायचं ते अनाथ, विधवा, आजारी, कैदी यांच्यासाठी. म्हणजे न आलेल्या माणसाची आठवण तेव्हापासून उपासनेच्या आतच आहे, ती आपण वेळ वाचवायला कापायची का?

म्हणून शनिवारी दोन-चार घरी फोन कर, कोण आजारी आहे, कोणाची परीक्षा आहे, विचार, नावं कागदावर लिही. काही आजार लोकांना चारचौघात नको असतात, तेव्हा नाव घ्यायच्या आधी परवानगी घे आणि आजाराचं नाव घेऊच नको.

अजून एक, प्रार्थनेला कोणी उभं राहतं कोणी बसून राहतं याचा तुला राग येतो म्हणालीस. अगं, २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या नागपुरातच सहा वेगवेगळ्या ख्रिस्ती मंडळ्या मिळून उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रदरेन असे सगळे आपापल्या सवयी घेऊन आले. कोणाच्या आजीने गुडघे टेकले, कोणाची बसून डोळे मिटायची. राहू दे तसंच.

शनिवारी पाचला चर्चमध्ये ये, मी फुलं लावायला असतोच. माईक बंद ठेवून एकदा सगळं वाच, मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसून ऐकतो.