वाचक विचारतात : प्रोटॉन आपटला, मेसॉन किती निघाले?

प्रश्न : सर, मी जळगावला एमएस्सी फिजिक्स करतेय, गाव चोपडा तालुक्यात. प्रोटॉन न्यूक्लियसवर (अणूच्या गाभ्यावर) आदळला की मेसॉन नावाचे क्षणभंगुर कण तयार होतात आणि ते 'मोजले' असं पुस्तकात एका ओळीत लिहून मोकळे होतात, पण मोजले म्हणजे नेमकं काय केलं? आणि कार्बनऐवजी शिशाचं टार्गेट घेतलं तर 208 भागिले 12, म्हणजे 17 पट मेसॉन मिळायला पाहिजेत ना? घरी आजोबा विचारतात, "हाई मोजीसन काय फायदा?" त्यांना काय सांगू?
– एक विद्यार्थिनी, चोपडा

उत्तर : ताई, आधी ते 17 पटीचं बघू, कारण तिथे भलेभले अडकतात. जिनिंगच्या आवारात कापसाचे दोन ढीग आहेत असं समजा, एक 12 क्विंटलचा आणि एक 208 क्विंटलचा. कापूस 17 पट आहे, पण लांबून गोफणीने गोटा मारला तर तो लागायला समोरून ढिगाचा जेवढा भाग दिसतो तेवढाच कामाचा, आतला आणि मागचा कापूस समोरच्याच्या आड लपलेला असतो. न्यूक्लियसचंही तसंच. त्याचं आकारमान कणांच्या संख्येच्या पटीत वाढतं पण समोरून दिसणारा चेहरा त्या संख्येच्या दोन तृतीयांश घातानेच वाढतो, म्हणजे शिसं आणि कार्बन यांच्यात फरक 17 नाही, साधारण 7 पट. हा झाला टक्कर होण्याचा हिशोब. आता टक्कर झाल्यावर पुढे काय, तर शिशात आत तयार झालेला मेसॉन बाहेर पडता पडता अजून दोनचार ठिकाणी धडकतो, त्यामुळे मोठ्या न्यूक्लियसमधून संथ आणि मोठ्या कोनात फेकलेले पायॉन (सगळ्यात हलके मेसॉन) जास्त मिळतात आणि सरळ पुढे जाणारे वेगवान त्या मानाने कमी. म्हणून 'किती' असा एकच आकडा नसतोच, कोणत्या कोनात, किती संवेगाचे किती, असं खणाखणांत मोजावं लागतं.

आता मोजणी. टार्गेट मुद्दाम पातळ घेतात. 2 सेंटीमीटर ग्रॅफाइट घेतलं तर 100 प्रोटॉनमधले जेमतेम 4 आदळतात, बाकीचे न धडकता पार निघून जातात. जाड का नाही घेत, तर मग पहिल्या टक्करीतला मेसॉन त्याच टार्गेटमध्ये दुसरी टक्कर करतो आणि आपण काय मोजतोय तेच कळेनासं होतं. आलेला प्रत्येक प्रोटॉन आधीच मोजून ठेवायचा. आणि टार्गेट काढून टाकून रिकाम्या जागेवरही बीम (प्रोटॉनचा झोत) चालवायचा, कारण हवेत, बीमच्या वाटेवरच्या पातळ खिडकीत, डिटेक्टरच्या भिंतीत झालेल्या टक्करी वजा करायच्या असतात. मला स्वतःला हा भाग सगळ्यात प्रामाणिक वाटतो, काही नाही ठेवलं तरी किती दिसतं ते आधी बघायचं.

बाहेर पडलेला कण चुंबकात वाकतो, त्या वळणावरून संवेग कळतो, पण कण पायॉन, केऑन (पायॉनपेक्षा जड मेसॉन) की प्रोटॉन ते त्यावरून नाही कळत. मग घड्याळ लावतात. 1 जीईव्ही (कणांची ऊर्जा आणि संवेग मोजायचं माप, एमईव्ही त्याचा हजारावा भाग) संवेगाचा पायॉन 10 मीटर अंतर साधारण 33.7 नॅनोसेकंदात कापतो, केऑनला 37.2 लागतात आणि प्रोटॉनला 45.7. छान वेगळे पडतात. पण संवेग 5 जीईव्ही झाला की पायॉन आणि केऑनमधलं अंतर 0.15 नॅनोसेकंदावर येतं, तिथे घड्याळ हात टेकतं आणि चेरेन्कोव्ह प्रकाश (एखाद्या माध्यमात कण तिथल्या प्रकाशापेक्षा वेगाने गेला की निघणारा) बघावा लागतो किंवा वायूत कणाने वाटेत किती ऊर्जा सोडली ते. न्यूट्रल पायॉन तर डिटेक्टरपर्यंत पोचतच नाही, तो लगेच फुटून दोन गॅमा होतात, त्या दोघांची जोडी लावून 135 एमईव्ही वस्तुमान येतंय का बघायचं.

खरं काम मात्र यानंतर सुरू होतं, आणि पुस्तकं नेमकं हेच सांगत नाहीत. डिटेक्टरने मोजलेला आकडा हे उत्तर नाही. रावेरहून दिल्लीला केळीची गाडी गेली, तिथे उतरवलेले घड मोजले, तर रावेरला भरले किती हे वाटेतली नासाडी धरल्याशिवाय सांगता येईल का? 1 जीईव्हीचे 100 पायॉन निघाले तर 10 मीटरवर पोचेपर्यंत साधारण 16 वाटेतच विघटित होतात. केऑन तर 100 पैकी 26च पोचतात! म्हणजे 26 मोजायचे आणि 100 लिहायचे, आणि ते का लिहिले हे जगाला पटवायचं. शिवाय काही पायॉन टक्करीतले नसतातच, लॅम्डा किंवा के-शॉर्ट हे दुसरे अल्पजीवी कण थोडं पुढे जाऊन फुटल्यावर आलेले असतात, ते ओळखून बाजूला काढायचे. डिटेक्टरचे आंधळे कोपरे वेगळेच. ताई, प्रोजेक्ट करताना या दुरुस्त्यांवर वेळ घाला, आलेख काढायला फार वेळ लागत नाही.

आजोबांना सांगा, जपानमध्ये 30 जीईव्हीचे प्रोटॉन 90 सेंटीमीटर ग्रॅफाइटवर मारतात, त्यातून निघालेले पायॉन फुटून न्यूट्रिनो (कशालाही सहसा न अडणारे अतिहलके कण) होतात आणि ते जमिनीखालून 295 किलोमीटर जाऊन सुपर-कामिओकांडे या न्यूट्रिनो टिपणाऱ्या डिटेक्टरला पोचतात. वाटेत किती न्यूट्रिनोंनी रूप बदललं हे कळायला निघाले किती ते माहीत पाहिजे, आणि ते पायॉनच्या संख्येवर ठरतं. कागदावरच्या थिअरीने ही संख्या थेट काढता येत नाही, वेगवेगळी मॉडेल्स वेगवेगळे आकडे देतात. म्हणून युरोपातल्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत एनए61 प्रयोगात 31 जीईव्हीचे प्रोटॉन कार्बनवर मारून मोजणी केली, आधी 2 सेंटीमीटरच्या पातळ टार्गेटवर आणि मग जपानसारख्याच 90 सेंटीमीटरच्या हुबेहूब टार्गेटवर. पेरलं किती हे माहीत नसेल तर उगवलं किती यावर भांडण कसं करणार, हे आजोबांना आपल्यापेक्षा लवकर कळेल.

प्रश्न : शाळेत मुलांना मेसॉन दाखवता येईल का?
– एक शिक्षक, शहादा

उत्तर : मेसॉन नाही, पण त्याचं पोर नक्की. अवकाशातून येणारे प्रोटॉन वर हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या न्यूक्लियसवर आदळतात, म्हणजे वरचा प्रयोग आपल्या डोक्यावर फुकटात चालू असतो, त्यातले पायॉन वरच फुटतात आणि त्यांचे म्यूऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊ) खाली येतात, दर चौरस सेंटीमीटरला मिनिटाला साधारण एक. मुलांना एक नाव जरूर सांगा, भारतीय भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी. भौतिकशास्त्रज्ञ डी. एम. बोस यांच्याबरोबर त्यांनी 1940 च्या आसपास डोंगरावर फोटोग्राफिक प्लेटा ठेवून मेसॉनच्या खुणा शोधल्या होत्या, युद्धामुळे चांगल्या प्लेटा मिळाल्या नाहीत, आणि 1947 ला पॉवेल यांच्या ब्रिस्टॉलच्या गटाने पायॉन पक्का केला, 1950 चं नोबेल पॉवेलना मिळालं. बिभाताईंचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकात यायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

म्यूऑन दाखवायला क्लाउड चेंबर करायचं ते असं, काचेच्या पारदर्शक डब्यात वरच्या बाजूला आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेलं फेल्ट चिकटवा, खाली काळा धातूचा पत्रा आणि त्याखाली ड्राय आइस. जाड हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, जवळ काडी पेटवू नका. खोलीत अंधार करून बाजूने टॉर्च मारा. कण गेला की त्याच्या वाटेवर धुक्याची रेघ उमटते, पहिली रेघ दिसायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, तोवर पोरांना डबा हलवू देऊ नका.