अपंग मुलाचा नाच पाहून डोळ्यांत पाणी आलं. ते सौंदर्य होतं, की माझी दयाच?

दोन्ही असू शकतं, बऱ्याचदा एकाच वेळी. व्हीलचेअरवरच्या मुलाचा नाच पाहताना भरून आलं आणि मग स्वतःचाच संशय आला, असं तुम्ही लिहिलंय. अशा वेळी मी स्वतःला एकच विचारते: काय सुंदर होतं ते नेमकं सांगता येतंय का? 'बिचारा, तरी किती छान' याच्या पुढे काही सुचत नसेल, तर टाळ्या नाचाला नव्हत्या.

ही सवय मला एका कर्णबधिर मुलीमुळे लागली. असेल नऊ-दहा वर्षांची. निवेदिकेनं ओळख करून देताना 'नियतीवर मात' वगैरे सगळं वाजवून घेतलं होतं, त्यामुळे मी जरा वैतागूनच बसले होते. (मुलांच्या आधी मोठ्यांनी इतकं बोलू नये, हे माझं सर्वच कार्यक्रमांबद्दलचं मत आहे.) कविता खुणांच्या भाषेत होती, एका झाडाची. मला ती भाषा येत नाही, म्हणून बाजूला एक बाई माइकवर अर्थ सांगत होत्या. थोड्याच वेळात तो आवाजच मध्ये येऊ लागला. मुलीनं बोटं पसरलेला पंजा उभा धरला, ते झाड. तोच पंजा थरथरला, वारा सुटला. तोच हेलकावे घेत खाली आला, पान गळलं. मग दोन्ही पंजे वरून खाली, पाऊस. एवढ्या सगळ्यात बोटांची ती ठेवण तिनं एकदाही मोडली नाही. अगदी शेवटी मूठ मिटली आणि जमिनीत बी पडलं.

हे यमक होतं, असं त्या बाईंनी नंतर सांगितलं. खुणांच्या कवितेत हाताचा एकच आकार खुणेमागून खुणेत येत राहतो, आपल्या कवितेत ओळींच्या शेवटी एकच ध्वनी यावा तसा. विल्यम स्टोकी या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञानं 1960 साली दाखवून दिलं होतं की खूण म्हणजे हवेत काढलेलं चित्र नव्हे. हाताचा आकार, जागा आणि हालचाल अशा घटकांनी ती बनते. यातला एक घटक घट्ट धरून बाकीचे फिरवत न्यायचे, हे ती पोरगी करत होती. तिच्या चेहऱ्यावरचंही सगळं काही अभिनय नव्हतं. अनेक सांकेतिक भाषांत हो-नाहीचा प्रश्न भुवया उंचावून विचारतात, म्हणजे ते व्याकरणच झालं.

कार्यक्रमानंतर मी तिला "खूप छान" म्हटलं. बाईंनी ते हातांनी पोचवलं. तिनं उलट विचारलं, "कुठलं?" मी पान म्हटल्यावर तिनं तोंड वाकडं केलं आणि तिथंच पुन्हा करून दाखवलं. स्टेजवर ते फार पटकन पडलं होतं म्हणे. खरंच, आता जास्त चांगलं पडलं!

दयेचं म्हणाल तर ती येते, तिला हाकलत बसू नका. पण समोरच्याला ती किती जाचते, ते ऑस्ट्रेलियाच्या स्टेला यंग यांनी 2014 सालच्या भाषणात सांगितलं होतं. त्या व्हीलचेअर वापरत. मेलबर्नच्या एका शाळेत त्या कायदा शिकवत असताना, तास बराच पुढे गेल्यावर एका मुलानं हात वर करून विचारलं, तुमचं भाषण कधी सुरू होणार? व्हीलचेअरवरची बाई वर्गात येते ती प्रेरणा द्यायलाच, असं तो धरून चालला होता.

आता तुमच्या त्या मुलाकडे वळू. नाच डोळ्यांसमोर आणून बघा. पाऊल न उचलता अंग सरळ रेषेत सरकत जाणं, हे उभ्या नर्तकाला सहजी साधत नाही. चाकांवर ते जमतं. एक चाक रोखून दुसरं ढकललं की जागच्या जागी गिरकी बसते, पण चाकावरचा हात सुटून पुन्हा मुद्रेत यायला तालातच जागा शोधावी लागते. व्हीलचेअरवरच्या नाचाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात. त्यात दोघंही खुर्चीवर असलेल्या जोड्या वेगळ्या आणि एक उभा, एक खुर्चीवर अशा जोड्या वेगळ्या. यातलं काही तुम्ही पाहिलं असेल, तर डोळे कशानं भरले ते तुम्हाला कळेल. मुलगा ओळखीतला असेल तर त्यालाच विचारा, कुठली गिरकी बसवायला जास्त वेळ लागला. माझा अंदाज, तो बराच वेळ बोलेल.