जिम जोन्सचे लोक त्याला सोडून का गेले नाहीत?

अहो पहिल्या दिवशी कोणी विष पी म्हणत नाही ना. जोन्स म्हणजे अमेरिकेतला एक धर्मोपदेशक, त्याने इंडियानापोलिसला पीपल्स टेम्पल नावाचं चर्च काढलं तेव्हा काळे-गोरे एकत्र बसायचे, गरिबांना फुकट जेवण, म्हणजे येणारा माणूस चांगल्या कामासाठीच यायचा. मग हळूहळू आपला पगार टेम्पलला, घर टेम्पलच्या नावावर, आणि जोन्सला म्हणायचं 'डॅड'. एवढं सगळं दिल्यावर आपण फसलो हे स्वतःशी कबूल करणं सोपं नसतं (आपल्याकडच्या बाबांचे भक्त बघा की). जोन्सने चमत्काराने कॅन्सर काढला म्हणून लोकांना दाखवायचे ते कोंबडीचं काळीज-बिळीज असायचं, आतल्या मोजक्यांना माहीत होतं पण तेच त्यात सामील, बोलणार कोण. दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशाच्या जंगलात नेल्यावर पासपोर्टच काढून घेतले, पत्रं आधी तेच वाचणार, लाउडस्पीकरवर सतत त्याचाच आवाज. मध्येच रात्री सगळ्यांना उठवून विष प्यायची रंगीत तालीम, नंतर सांगायचे काही नव्हतं त्यात, निष्ठा बघत होतो. १८ नोव्हेंबर १९७८ ला विष खरंच होतं. ९०० च्या वर माणसं गेली, ३०० च्या आसपास पोरं. आणि सगळे राजीखुशीने प्यायले असं अजिबात नाही, भोवती बंदूकवाले उभे होते आणि पोरांना आधी पाजलं होतं.